बाकी

उद्यमनगरात आमची अकरा जणांची भिशी.
लेथवाले सात, मी शब्बीर मुजावर त्यातलाच,
वहीपण माझ्याकडं.
दोन फाउंड्रीवाले, एक वेल्डर, आणि चहाची अक्काताई.

तीन वर्षं पहिली चिठ्ठी भरमू चौगुल्याची निघाली.
काढणारं पोर दरवेळी नवं,
आम्ही म्हणायचो, नशीब काढलंय लेकानं.
मग अक्काताईला कळलं:
चिठ्ठी रात्रभर बर्फाच्या पेटीत ठेवायची,
पोराच्या कानात सांगायचं, गार लागंल ती उचल.

कुणी भांडलं नाही. तेच वाईट झालं.
महिनाभर सगळे खाली बघून काम करत होते.

पिराजीची थोरली, स्वरूपा, माळ्यावर बसून
परदेशातल्या यंत्रांचं काही बघते.
म्हणाली, काका, माझी यंत्रंही भिशीच खेळतात.
एक हेलसिंकीत, एक साओ पावलोत,
एकाचा दुसऱ्यावर छटाकभर विश्वास नाही,
तरी दर अर्ध्या मिनिटाला सगळी मिळून
एक आकडा काढतात,
आधी कुणालाच माहीत नसलेला,
नंतर कुणीही तपासावा असा.
डबा कुठला वापरतात? मी विचारलं.
डबाच नाही. डबा आला की डब्याचा मालक येतो.

मग ठरलं. प्रत्येकानं घरी एक आकडा लिहायचा,
पाकीट लाखेनं बंद करायचं.
सगळी टेबलावर आल्याशिवाय एकही फोडायचं नाही.
बेरीज करायची, अकरानं भागायचं,
बाकी उरेल त्या नंबरचा माणूस. शून्य उरलं तर अकरावा.
दहा जण आतून सामील असले तरी चालेल, ती म्हणाली,
एकाचा आकडा खरोखर आंधळा असला
की बेरीज कुणाच्या बापाची राहत नाही.

पहिल्याच खेपेला जिनाप्पा मगदुमानं घोळ घातला.
दहा पाकिटं फुटेपर्यंत तो ओठ हलवत होता,
मग आपलं उचलून म्हणाला,
ह्यात चुकून लाइटबिल गेलंय, फोडू नका.
त्याची बेरीज आमच्याआधी झाली होती.

स्वरूपानं भंगारातनं फुटकी पुली उचलली,
पाव भाग उरलेली.
हिचं पुरं वर्तुळ कसं काढता?
आम्ही हसलो. काठावर तीन ठिकाणी खडू लावायचा,
तीन बिंदू मिळाले की पुली मिळाली.
आणि दोनच मिळाले तर?
तर वाटेल तेवढी वर्तुळं. खरं कुठलं, पुलीलाही सांगता यायचं नाही.
तसंच, म्हणाली, फक्त रेघ जरा जास्त वाकडी, सात बिंदूंची.
आता प्रत्येकाच्या आकड्याचे बिंदू बाकीच्यांत वाटलेले.
सहा जणांनी डोकी जोडली तरी अंधार,
सातवा आला की जिनाप्पाचं पाकीट
त्याच्या खिशात असतानाच वाचता येतं.

माझा आकडा?
पोराची जन्मतारीख लिहिणार होतो,
पण ती अर्ध्या उद्यमनगराला पाठ.
रात्री लेथखालनं मूठभर कीस उचलला,
अजून कोमट, निळसर, स्प्रिंगसारखा वळलेला,
कागदावर पसरून एकेक मोजला. एकशे त्रेसष्ट.
एक बोटाला लागला,
पाकिटावर रक्ताचा ठिपका आला.

बेरीज दोन हजार चारशे एक्क्याऐंशी.
वहीच्या मागच्या पानावर मी दोनदा भागलं.
बाकी सहा.
सहाव्या नंबरला भरमू चौगुले.

भट्टीचा पंखा तेवढा वाजत होता.
भरमूचं तोंड बिडासारखं काळं पडलं.
परत काढा, म्हणाला, मला नको,
देवाशप्पत ह्यावेळी मी काही केलं नाही.
काढूया की, जिनाप्पा म्हणाला. दोघं-तिघं कुजबुजले.
अक्काताईनं कपबशी आपटली:
परत काढायचं म्हंजे पुन्हा बर्फच की रे.

मी पैसे मोजून त्याच्यापुढं ठेवले.
त्यानं हात लावला नाही.
पाकिटं एकेक ओढून बेरीज स्वतः करत बसला,
बोटं मोजत, शाळेतल्यासारखी,
माझ्या ठिपक्याशी थांबला.
हे काय?
कीस लागला, म्हटलं.
त्यानं पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.